पडदा कुणाचा, हुकूम कुणाचा

पाटण तालुक्यात संगणक एक आणि हात अनेक, असाच रिवाज आहे. तारळ्यापासून हेळवाकपर्यंत आणि मल्हारपेठेपासून ढेबेवाडीपर्यंत कुठंही जा. शाळेची संगणक खोली असो, गावचं वाचनालय असो की दाखले काढून देणारं सेवा केंद्र, एकाच स्क्रीनसमोर दिवसभरात कितीतरी माणसं बसून उठतात. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायचं आणि समोरची स्क्रीन मात्र हातातून सुटू द्यायची नाही, हा प्रश्न त्यामुळं इथं रोजचा आहे.

समजा, एका वाचनालयातल्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स टाकलेलं आहे. दहावीतली एक मुलगी आपल्या खात्यात बसून विज्ञानाचा प्रकल्प करते आहे. मधेच हार्ड डिस्क भरत आल्याचा इशारा येतो. संगणकाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो मुलीचं काम बंद करायला लावत नाही. तिच्याच स्क्रीनवर टर्मिनलची काळी खिडकी उघडतो, ‘सू’ ही आज्ञा एक आडवी रेघ जोडून देतो आणि ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड टाकतो. आता कुणाचीही फाइल वाचणं, कुणाचंही खातं पुसणं त्याच्या हातात आहे. मग तो डिस्कचे भाग चित्रात दाखवणारा जीपार्टेड हा प्रोग्रॅम सुरू करायला जातो आणि उत्तर येतं: ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. ज्या खात्याला अख्खी डिस्क पुसता येते, त्याला चार बोटांची एक खिडकी उघडता येत नाही.

यंत्रात काही बिघडलेलं नसतं. अधिकाराची वाट आणि स्क्रीनची वाट वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गावी, तेरा वर्षांच्या अंतरानं बांधली. त्या दोन वाटांच्या मधे जो ओढा राहिला, त्यावर पूल बांधायचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. पुढच्या चाळीस वर्षांत ज्यानं त्यानं आपापल्या गरजेपुरते साकव टाकले. काही टिकले, काही वाहून गेले, काहींवरून चोरही आले.

खातं ही कल्पनाच टंचाईतून जन्मली. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही व्यवस्था चालवून दाखवली. संगणक एकच, तोही प्रचंड महाग; त्याचा वेळ कापून कापून अनेकांना वाटायचा, म्हणजे प्रत्येकाला तो आपलाच वाटेल. वाटणी आली म्हणजे हिशेब आला, हिशेब आला म्हणजे नाव आलं, आणि नावाची खात्री पटवायला पासवर्ड आला. खात्यांची ही व्यवस्था पहिल्यापासून किती नाजूक होती ते 1966 साली दिसलं. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एक रोजच्या सूचनेची, दुसरी सगळ्यांच्या पासवर्डची. संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमची कच्ची फाइल दोघांसाठी एकाच नावाची होती, म्हणून मजकुरांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो लॉगिन करेल त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून मिळू लागले. एका नावावर दोन हात पडले की काय होतं, याचा हा पहिला मोठा धडा.

त्यानंतर न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचलं. नोव्हेंबर 1971 मधल्या त्याच्या पहिल्या माहितीपुस्तकातच ‘सू’ ही आज्ञा आहे. पासवर्ड द्या आणि सर्वाधिकारी व्हा, एवढंच तिचं काम. हव्या त्या खात्यात जाण्याची सोय नंतर आली. ‘सू’ स्वतः चालते ती रिचीच्या एका युक्तीवर. एखादा प्रोग्रॅम ज्यानं सुरू केला त्याच्या नव्हे, तर ज्याच्या मालकीचा आहे त्याच्या अधिकारानं चालावा, अशी खूण त्या फाइलवर करून ठेवता येते. या कल्पनेचं पेटंट रिचीला जानेवारी 1979 मध्ये मिळालं आणि पुढं ते जनतेसाठी मोकळं करण्यात आलं. सामान्य माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो याच युक्तीमुळं, कारण पासवर्डची फाइल त्याच्या मालकीची नसते.

पण त्या काळी ‘सू’ केल्यावर स्क्रीन हातातून जात नसे. टर्मिनलवर लॉगिन केलं की पहिल्या प्रोग्रॅमला तीन वाटा उघडूनच मिळतात: एक कळफलकावरून वाचायची, एक पडद्यावर लिहायची, एक चुका कळवायची. त्या प्रोग्रॅमनं पुढं जे जे सुरू केलं त्या प्रत्येकाला याच तीन उघड्या वाटा वारशानं मिळतात. ‘सू’नं नाव बदलतं, वाटा उघड्याच राहतात. युनिक्स फाइल उघडताना विचारतं, तू कोण. एकदा उघडल्यावर पुन्हा विचारत नाही. म्हणून नवा माणूस जुन्या माणसाच्या पडद्यावर बिनदिक्कत लिहू शकत होता. परवानगी मागण्याची वेळच आली नाही, म्हणून परवानगीची व्यवस्था कुणी केली नाही. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

1980 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडू’ लिहिलं. रूटचा पासवर्ड चारचौघांना वाटण्यापेक्षा कुणाला कोणती आज्ञा चालवता येईल याची यादी ठेवावी, प्रत्येकानं आपलाच पासवर्ड द्यावा आणि कुणी काय केलं त्याची नोंद राहावी, हा त्यामागचा विचार. मला हा या इतिहासातला पहिला शहाणपणाचा टप्पा वाटतो. ‘सू’ माणूस बदलत होती. ‘सुडू’ फक्त एक काम वरच्या अधिकारानं करून देतं. पुढं सगळ्यांना याच फरकाकडं परत यावं लागलं, पण त्याला तीस वर्षं गेली.

दरम्यान स्क्रीन बदलली. एमआयटीतच बॉब शाइफ्लर आर्गस नावाच्या प्रकल्पावर काम करत होता. अनेक यंत्रांवर पसरलेला प्रोग्रॅम एका वेळी डोळ्यांखाली घालता यावा म्हणून त्याला एकाच पडद्यावर अनेक खिडक्या हव्या होत्या. स्टॅनफर्डमध्ये पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ नावाची खिडक्यांची व्यवस्था केली होती. शाइफ्लरनं ती घेतली, बरीच मोडून पुन्हा बांधली आणि जून 1984 मध्ये सहकाऱ्यांना कळवलं की तिचं नाव आता ‘एक्स’. एमआयटीत 1983 पासून डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीनं अथीना प्रकल्प चालू होता. सगळ्या विद्यार्थ्यांसाठी संगणकांचं जाळं उभारायचं होतं आणि यंत्रं एका कंपनीची नव्हती. अथीनाचा जिम गेटिस शाइफ्लरला येऊन मिळाला. पंधरा सप्टेंबर 1987 रोजी अकरावी आवृत्ती निघाली, आणि ‘एक्स-अकरा’ या नावानं ती आजही जिवंत आहे.

एक्सनं केलेला मूळ बदल असा. पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा एकट्या एका प्रोग्रॅमकडं. त्याला एक्स सर्व्हर म्हणतात. बाकी कुणालाही खिडकी हवी असेल तर त्यानं या सर्व्हरकडं स्वतंत्रपणे जाऊन जोडणी मागायची. प्रोग्रॅम त्याच यंत्रावर असेल किंवा दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर, फरक पडत नाही. कुठं जायचं ते ‘डिस्प्ले’ नावाच्या एका ओळीत लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा नुसतं विसर्गासारखं चिन्ह आणि शून्य. ही रचना त्या काळाच्या मानानं विलक्षण होती. मोठ्या संगणकावर चाललेल्या हिशेबाचं चित्र आपल्या टेबलावर उमटावं, हे तिनं सहज शक्य केलं. पण तिनं वारसा तोडला. उघडी वाट आता बापाकडून मुलाकडं येत नाही. प्रत्येकाला नव्यानं दार वाजवावं लागतं, आणि दार वाजलं की आतून प्रश्न येतो: कोण आहे?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर फार ढोबळ होतं. ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेनं यंत्रांची यादी करायची. यादीतल्या यंत्रावरून आलेल्या कुणालाही आत घ्यायचं. माणूस कोण हे विचारायचंच नाही. एका यंत्रावर एकच माणूस असता तर हे चाललं असतं, पण युनिक्स तर मुळात अनेकांसाठी होतं. त्यातही आळसाचा मार्ग होता: ‘एक्सहोस्ट’ लिहून पुढं अधिकचं चिन्ह टाकायचं. मग यादीही नको, साऱ्या जगाला दार उघडं. हे एक चिन्ह जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं लोकांनी लॉगिनच्या फाइलीत लिहून ठेवलं, कारण ते टाकलं की ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ गायब होत असे. खोडकर विद्यार्थी दुसऱ्याच्या पडद्यावर झुरळं सोडत. खिडकीखाली लपणारी आणि खिडकी हलवली की सैरावैरा पळणारी झुरळं काढणारा प्रोग्रॅम खरोखरच होता. पण खरी भीती झुरळांची नव्हती. एक्समध्ये एकदा आत आलेला प्रोग्रॅम बाकी सगळ्या खिडक्यांमध्ये काय टाइप होतंय ते ऐकू शकतो, त्यांचं चित्र घेऊ शकतो, त्यांच्याकडं खोट्या कळा पाठवू शकतो. दारावर पहारा होता, घरात खोल्या नव्हत्या.

डिसेंबर 1989 मध्ये एक्स-अकराची चौथी सुधारित आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर नवी चावी आली, ‘एमआयटी मॅजिक कुकी’. तिच्याकडं जवळून पाहण्यासारखं आहे. लॉगिन झालं की यंत्र 128 बिटांचा एक यादृच्छिक आकडा काढतं. तो शून्य ते नऊ आणि ए ते एफ या चिन्हांत लिहिला तर बत्तीस खुणा होतात. एक प्रत एक्स सर्व्हरकडं, दुसरी त्या माणसाच्या घरच्या फोल्डरमध्ये ‘एक्सऑथॉरिटी’ नावाच्या लपवलेल्या फाइलीत. फाइल फक्त मालकाला वाचता येते. खिडकी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं तो आकडा दाखवायचा. जुळला तर आत. फाइलीतल्या नोंदी वाचायला, काढायला आणि जोडायला जिम फुल्टननं ‘एक्सऑथ’ हे अवजार लिहिलं. टर्मिनलवर ‘एक्सऑथ लिस्ट’ म्हटलं की आजही डिस्प्लेचा पत्ता, कुकीचं नाव आणि त्या बत्तीस खुणा एका ओळीत समोर येतात.

आता आपल्या वाचनालयातला घोटाळा उलगडतो. त्या गृहस्थानं आडवी रेघ जोडून ‘सू’ केलं तेव्हा घरचा पत्ता बदलून रूटचा झाला आणि मुलीच्या खात्यातले पत्ते पुसले गेले. जीपार्टेडनं कुकी शोधली ती रूटच्या घरात. तिथं ती नव्हतीच. ती होती मुलीच्या घरात. रूटला मुलीची फाइल वाचता येते, पण कुठली वाचायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यानं रूटऐवजी शिक्षकांच्या साध्या खात्यात उडी मारली असती तर प्रश्न आणखी अवघड, कारण शिक्षकांना मुलीची फाइल वाचण्याचाच अधिकार नाही. आणि घरची फोल्डरं दूरच्या फाइल सर्व्हरवर असतील, तर तो फाइल सर्व्हर बहुधा परक्या यंत्रावरच्या रूटलाही दाद देत नाही. यावरचा रीतसर उपाय म्हणजे मुलीच्या खात्यातून ‘एक्सऑथ’नं तेवढी एक नोंद बाहेर काढायची आणि दुसऱ्या खात्याच्या फाइलीत जोडायची. दोन आज्ञांचं काम, पण त्या लक्षात ठेवणारे थोडे.

हे सगळं घडत होतं तेव्हा महाराष्ट्रात चित्रांची स्क्रीन ही संशोधन संस्था आणि मोठ्या कंपन्यांची चीज होती. पुण्यात 1988 साली सी-डॅक सुरू झालं, 1991 मध्ये तिथं परम 8000 हा महासंगणक तयार झाला. मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी या संस्था अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्यात होत्या. सामान्य माणसाला युनिक्स भेटलं ते 15 ऑगस्ट 1995 नंतर, व्हीएसएनएलनं इंटरनेट सुरू केल्यावर. आणि तिथंही खात्यावरून पडदा ठरत होता. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळे ते शेल खातं: नुसती अक्षरं, चित्र नाही. चित्रांसकट इंटरनेट दाखवणाऱ्या टीसीपी-आयपी खात्याला वर्षाला 15,000 रुपये पडत. म्हणून पोरांनी स्लर्पसारखे प्रोग्रॅम शेल खात्यात चढवले आणि अक्षरांच्या वाटेनंच चित्रं आणली. त्या पिढीतले पुष्कळ जण पुढं पुण्या-मुंबईत युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सचे जाणकार झाले. खातं आणि स्क्रीन यांची फारकत त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी खिशातून सोसली होती.

त्याच वर्षी, 1995 मध्ये, फिनलंडमध्ये एक सुंदर तोड निघाली. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघड झालं आणि तातू युलोनेन यानं एसएसएच लिहिलं. दूरच्या यंत्रावर जायचं ते कुलूपबंद वाटेनं. त्यात एक्सची खिडकी आपल्याकडं आणायची सोय होती. मॅजिक कुकी उघड्या तारेवरून तशीच जाते हा तिचा मोठा दोष. एसएसएचनं काय केलं? दूरच्या यंत्राला खरी कुकी दिलीच नाही. त्याला एक बनावट आकडा दिला. तिथला प्रोग्रॅम तो बनावट आकडा घेऊन कुलूपबंद वाटेनं आपल्या टेबलापर्यंत येतो. इथं एसएसएच तो तपासतं, काढून घेतं, त्या जागी खरा आकडा ठेवतं आणि मग सर्व्हरकडं पाठवतं. खरी चावी घर सोडून जातच नाही. परक्याला आपल्या पडद्यावर येऊ द्यायचं पण किल्ली द्यायची नाही, हे इतक्या नेटकेपणानं त्याआधी कुणी केलं नव्हतं. पुढं अनेकांनी खातं बदलायलासुद्धा एसएसएचच वापरलं; त्याच यंत्रावर, स्वतःकडूनच स्वतःकडं वळसा घालून.

सरळ मार्ग मात्र डागडुजीचाच राहिला. रेड हॅट या लिनक्स कंपनीनं ‘सू’ करतानाच कुकी आपोआप पुढं पोचवणारा जोड दिला. ‘सक्स’ नावाची छोटी आज्ञा हेच काम करत असे. केडीई आणि नोम या डेस्कटॉपांनी पासवर्ड विचारणाऱ्या देखण्या खिडक्या दिल्या, केडीईसू आणि जीकेसू. ऑक्टोबर 2004 मध्ये उबुंटू या लिनक्सची पहिली आवृत्ती आली ती रूटचं खातं कुलूप लावून आणि ‘सुडू’वर सगळी भिस्त ठेवून. लाखो लोक त्यामुळं लिनक्सकडं आले. पण या सगळ्या सोयी एकाच गृहीतकावर उभ्या होत्या: सर्वाधिकारी माणसाला त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट सामान्य माणसाच्या पडद्यावर आणायचं. पडद्यावर आत खोल्या नाहीत हे विसरून. मुलीच्या खात्यात चुकून शिरलेला एखादा वाईट प्रोग्रॅम शेजारच्या रूटच्या खिडकीत कळा दाबू शकतो. म्हणजे रूट मुलीच्या घरी पाहुणा आला आणि तिजोरी उघडी ठेवून बसला. साधं प्रिंटरचं सेटिंग बदलायला चित्रांचा, फाँटांचा, बटणांचा लाखो ओळींचा पसारा सर्वाधिकारानं चालवायचा, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं.

इतरांनीही हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवला. विंडोज एक्सपीनं 2001 मध्ये खाती बदलताना पहिल्याचं काम उघडंच ठेवण्याची सोय दिली, पण तिथं प्रत्येकाचा पडदा स्वतंत्र. एकाची खिडकी दुसऱ्याच्या पडद्यावर येत नाही. पुढच्या विंडोज व्हिस्टानं तर परवानगी विचारताना बाकी सगळा पडदा काळवंडून टाकला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला ‘हो’चं बटण दाबता येऊ नये.

लिनक्समध्ये खरी कलाटणी दिली ती रेड हॅटमधल्या डेव्हिड झॉयथेनच्या पॉलिसीकिटनं. काम दोन तुकड्यांत फोडायचं. दिसणारा भाग, म्हणजे खिडकी आणि बटणं, आपल्याच साध्या खात्यात चालणार. करणारा भाग पार्श्वभूमीवर अधिकारानं चालणार, पण त्याला पडदा असणार नाही. पहिल्यानं दुसऱ्याला निरोप द्यायचा, अमुक एक काम कर. दुसऱ्यानं नियम पाहायचा, गरज वाटल्यास पासवर्ड मागवायचा आणि तेवढंच काम करायचं. सेवा केंद्रात गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह देतं, तो लावला की फोल्डर उघडतो. पेन ड्राइव्ह जोडणं हे मूळचं रूटचं काम. पण तिथं कुणीच रूट होत नाही, कुणाची कुकी कुणाकडं जात नाही. माझ्या मते या साठ वर्षांच्या प्रवासातलं बरोबर उत्तर हेच. बफेलोत ‘सुडू’नं जे अर्ध्यावर मांडलं होतं ते इथं पूर्ण झालं. याच घराण्यातलं ‘पीकेएक्झेक’ एखादा प्रोग्रॅम वरच्या अधिकारानं चालवून देतं, पण डिस्प्लेचा पत्ता आणि कुकीचा पत्ता मुद्दाम पुसून. खिडकी हवीच असेल तर प्रोग्रॅमच्या नियमपत्रात तसं स्पष्ट लिहावं लागतं. जीकेसू 2018 मध्ये डेबियनमधून काढून टाकलं गेलं.

2008 मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्गनं वेलँड सुरू केलं आणि पडद्यात खोल्या बांधल्या. एक खिडकी दुसरीच्या कळा ऐकू शकत नाही, तिचं चित्र घेऊ शकत नाही. पडद्याकडं जायचं दार प्रत्येकाच्या खासगी फोल्डरमध्ये असतं आणि त्या फोल्डरवर फक्त मालकाचा हक्क. नोव्हेंबर 2016 मध्ये फेडोरा या लिनक्सच्या पंचविसाव्या आवृत्तीनं वेलँड मुख्य केलं, तेव्हा रूट होऊन खिडकी उघडणारे जीपार्टेडसारखे प्रोग्रॅम अडले आणि वापरणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला. वेलँडच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं एकच होतं: चित्रांचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवूच नका, त्याचे दोन तुकडे करा. ऐकायला कठोर वाटलं, पण ते बरोबर होतं. जीपार्टेडला तेव्हा जुन्याच ‘एक्सहोस्ट’चा आधार घ्यावा लागला, मात्र नीट वापर करून: साऱ्या जगाला दार उघडण्याऐवजी याच यंत्रावरच्या एका नावाला, रूटला, तेवढ्यापुरतं आत घ्यायचं आणि काम झालं की नाव काढून टाकायचं.

हे पहारेही अभेद्य नाहीत. जानेवारी 2021 मध्ये ‘सुडू’त आणि बरोबर वर्षानं, जानेवारी 2022 मध्ये, ‘पीकेएक्झेक’मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी अशी भोकं दाखवली की कुठलंही साधं खातं रूट होऊ शकत होतं. पहिलं भोक 2011 पासून होतं, दुसरं 2009 पासून. डागडुजी लगेच झाली. पण ज्या संगणकांवर वर्षानुवर्षं अपडेट चढत नाहीत त्यांच्यावर ती भोकं तशीच आहेत. आमच्या तालुक्यात असे संगणक पुष्कळ आहेत. डोंगरात नेट टिकत नाही, अपडेट मधेच तुटतं, आणि ‘चालतंय की’ म्हणून कुणी पुन्हा हात लावत नाही.

वास्तविक दोन तुकड्यांचं हे तत्त्व पाटणच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. जमीन विकत घेतली की फेरफार कसा होतो ते त्याला पाठ असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणं नोंद धरतो तलाठी. ती चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत जाते. आणि नोंद प्रमाणित करतो वरचा अधिकारी, बिनतक्रार नोंदीत बहुतेकदा मंडळ अधिकारी. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच असून चालत नाही. ई-फेरफार आल्यावर हीच विभागणी संगणकात उतरली: तलाठ्याचं लॉगिन वेगळं, मंडळ अधिकाऱ्याचं वेगळं. दोघं एकाच लॅपटॉपच्या पडद्यासमोर बसले तरी एकाला दुसऱ्याचं काम करता येऊ नये, अशी ती रचना आहे. मंडळ अधिकाऱ्यानं स्वतः तलाठी व्हायचं नसतं आणि तलाठ्यानं मंडळ अधिकारी.

जिथं एक यंत्र अनेकांचं असतं तिथं हे तत्त्व सर्वांत आधी मोडतं, आणि ते मोडतं ते सोयीपायी. शाळेच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला ॲडमिनचा पासवर्ड, केंद्रात सगळ्यांनी मिळून वापरायचं एकच खातं, डिजिटल सहीचं डोंगल दिवसभर संगणकाला लावून ठेवणं: ही ‘एक्सहोस्ट’च्या त्या अधिकच्या चिन्हाचीच भावंडं आहेत. मुलांच्या खात्यात मुलांचं काम असतं, गिऱ्हाइकांच्या कागदांत त्यांचे आधार क्रमांक आणि जमिनी असतात. ते राखणं ज्यांच्या हातात आहे त्यांना हे शिकवायला हवं, आणि मराठीतून शिकवता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत आहेत आणि फुकट आहेत.

ज्यांच्याकडं शाळेचा किंवा वाचनालयाचा लिनक्स संगणक आहे त्यांना एक विनंती. उद्या यंत्र सुरू कराल तेव्हा टर्मिनल उघडून नुसतं ‘एक्सहोस्ट’ टाइप करा आणि एंटर दाबा. उत्तरात ‘ॲक्सेस कंट्रोल एनेबल्ड’ आलं तर ठीक. ‘डिसेबल्ड’ आलं, तर ‘एक्सहोस्ट’पुढं वजाचं चिन्ह टाकून दार लगेच बंद करा, आणि लॉगिनच्या फाइलीत कुणी अधिकचं चिन्ह लिहून ठेवलं असेल तर ती ओळ खोडून टाका.